पन्नास हर्ट्झची गोष्ट

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टेज, लाइट, लांब केस वगैरे येतं. प्रत्यक्षात ही वस्तू एकटी असली की फार गरीब असते हो! कशालाच न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जात नाही. तिचा खरा आवाज घडतो तो अ‍ॅम्पमध्ये. आणि चांगला व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प म्हणजे वीस-पंचवीस किलोचं धूड. किंमत सांगितली की घरच्यांना आधी कॉलेजची फी आठवते. म्हणून आमच्यासारख्या हॉस्टेलकरांसाठी इंजिनिअर मंडळींनीच एक सोय करून ठेवली आहे. तिचं नाव 'अ‍ॅम्प मॉडेलर'.

'बोस्टन' या अमेरिकन बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. (मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) त्याने १९८२ साली 'रॉकमन' नावाची वॉकमनएवढी डबी काढली. हेडफोन लावायचा आणि मोठ्या अ‍ॅम्पसारखा आवाज ऐकायचा. ती अ‍ॅनालॉग होती. पुढे १९९५ मध्ये रोलँडचा व्हीजी-८ आला, १९९८ मध्ये लाइन सिक्सचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा 'पॉड' आला, आणि हेच काम गणिताने होऊ लागलं. आता तर 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात खरा अ‍ॅम्प ऐकून न्यूरल नेटवर्क त्याची नक्कल शिकतं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते. गिटारचा सिग्नल आत गेला की त्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. पुढे व्हॉल्व्हचं मॉडेल असतं. ते सिग्नलची टोकं दाबतं, त्यातूनच तो खरखरीत 'डिस्टॉर्शन' तयार होतो. शेवटी स्पीकरच्या पेटीचा 'इम्पल्स रिस्पॉन्स' घेऊन कन्व्होल्युशन. होय, तेच कन्व्होल्युशन, ज्याच्या नावाने सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या तासाला मागच्या बाकांवर शांतता पसरते. गिटारमुळे मला ते पहिल्यांदा कानाने समजलं. ही पेटी बंद केली की हेडफोनमध्ये चिलटं घोंगावल्यासारखा आवाज येतो. चालू केली की लगेच गोल आणि भरीव होतो.

आता माझ्याबद्दल. मी कॉन्व्हेंटची. शाळेत प्रेयरसाठी सिस्टरांनी तीन कॉर्ड शिकवल्या, तेवढ्या भांडवलावर माझा संगीतसंसार उभा आहे. गिटार सिंगल कॉइल पिकअपची, आणि मॉडेलर एका पासआउट झालेल्या सीनियरकडून सेकंडहँड घेतलेला. हॉस्टेलवर तो पहिल्या दिवसापासून गुणी बाळासारखा चालला. यूएसबीने लॅपटॉपला जोडला, बफर १२८ सॅम्पलवर ठेवला. म्हणजे साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर. स्पीकरपासून एक मीटर लांब बसलं तरी आवाज यायला एवढाच वेळ लागतो. मे महिन्यात सुट्टी लागली आणि हा सगळा संसार घेऊन मी मेडशीला, घरी गेले.

मेडशी म्हणजे अकोला-वाशिम रस्त्यावर, पातूर सोडलं की मालेगावच्या अलीकडे. (हे मालेगाव वाशिमचं, नाशिकवालं नव्हे. हॉस्टेलमध्ये हे मला दर सेमिस्टरला सांगावं लागतं.) १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, तरी आमच्या आजीच्या बोलण्यात अजून 'अकोला जिल्हा'च आहे. मे महिन्यातला आमच्याकडचा उन्हाळा वर्णन करण्यात अर्थ नाही. दुपारी बारा ते पाच घर म्हणजे एक कूलर आणि त्याच्यासमोर आडवी झालेली माणसं, एवढंच.

तिथे मॉडेलर चालू केला आणि हेडफोनमध्ये आलं... घूंऽऽऽ.

हा घूं सगळ्या गिटारवाल्यांच्या ओळखीचा. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून हा आवाज मंद्रातल्या 'जी'च्या जवळ लागतो, कारण तो 'जी' ४९ हर्ट्झचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडचा घूं वेगळ्या सुरातला! डिस्टॉर्शनला सिग्नल सहज हजार पटीने वाढतो, तसा घूंही वाढतो. मी वाजवायला लागले तर गाणं कमी आणि पिठाची गिरणी जास्त.

हॉस्टेलच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, नॉइज गेट लाव ना, संपलं!" नॉइज गेट हे प्रत्येक मॉडेलरमध्ये असतं. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते दार बंद करतं. तुम्ही वाजवत नसाल तेव्हा एकदम शांतता. वाजवायला लागलात की दार उघडतं आणि सुरांबरोबर घूंही आत शिरतो, फक्त सुरांच्या आड लपतो. म्हणजे गेट आवाज घालवत नाही, आपल्याला ऐकू येणार नाही एवढीच व्यवस्था करतं. मला राहवेना. तीच गिटार, तीच केबल, तोच लॅपटॉप. हॉस्टेलवर शांत आणि घरी घूं? मग फरक घरात असणार!

म्हणून सुरू केलं शोधकार्य. ज्यांच्याकडे गिटार आहे त्यांनी हा क्रम लिहून ठेवा, कधीतरी कामाला येईल.

पहिलं, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करायचा. घूं गेला तर तो गिटारमधून येतोय, राहिला तर पुढून. माझा अर्धा गेला, अर्धा राहिला. म्हणजे पाहुणे दोन होते.

दुसरं, व्हॉल्यूम परत वाढवून गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरायचं. एका दिशेला घूं वाढतो, नव्वद अंश वळलं की कमी होतो. हा चुंबकीय घूं. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं वेटोळंच, जवळपासच्या मोटरचं, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ते पकडतं. यावर उपाय म्हणून १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने दोन उलट्या कॉइलचा 'हंबकर' केला, ज्यात दोघींचा घूं एकमेकींना मारतो. माझ्याकडे हंबकर नाही, त्यामुळे हा पहिला पाहुणा राहणारच होता. मी खोलीच्या मधोमध गोल फिरतेय हे पाहून मोठे बाबा दारात थांबले. "गिटार वाजवाले आली का फुगडी खेळाले?"

तिसरं, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचं. काढला आणि दुसरा पाहुणा जवळजवळ गेला! परत लावला, हजर. म्हणजे तो येत होता चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगमधून.

चौथी गोष्ट मी ठरवून केली नव्हती. चार्जर लावलेला असताना तारांवर बोट ठेवलं तर मुंग्या आल्यासारखं झालं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे जे ग्राउंडवर असेल ते बोटांवर. चार्जरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हलक्या मुंग्या येणं नवीन नाही, अर्थिंग नसेल तर होतंच ते. पण या मुंग्या कमीजास्त होत होत्या. थोडा वेळ बसल्यावर लक्षात आलं की कूलर बंद केला की त्या जवळजवळ जातात, चालू केला की येतात. आणि घूंचंही तसंच.

कूलर दुसऱ्या खोलीत, गिटार या खोलीत. दोघांमध्ये भिंत. मग?

मी आजीला विचारलं, कूलर करंट मारतो का. आजी सुपात गहू निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मारते ना थोडासाक. चप्पल घालून हात लावा लागते. उनायात साऱ्याइचेच कूलर मारतेत व बाई, त्याले काय!"

मित्रांनो, मला त्या क्षणी नॉइज गेटच आठवलं. चप्पल हे आमच्या घरचं नॉइज गेट होतं. करंट तिथेच, फक्त तो कळणार नाही अशी व्यवस्था. आणि या कूलरमध्ये रोज दोन वेळा बादलीने पाणी कोण भरतं? आजी. खाली काय असतं? सांडलेलं पाणी.

संध्याकाळी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला. आमच्या घरात प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर होती, बाबांनी वायरिंगच्या वेळी हौसेने टाकून घेतलेली. सगळ्या हिरव्या वायरी एकमेकींना व्यवस्थित जोडलेल्या. पण मीटरजवळ आल्यावर ती वायर भिंतीतून बाहेर पडून दोन वीत लोंबत होती. जमिनीत ती गेलेलीच नव्हती. तिथे अर्थिंगचा खड्डाच नव्हता.

आता इथे जरा नीट लक्ष द्या. हिरवी वायर अजिबात नसणं वाईटच. पण सगळीकडे जोडलेली आणि जमिनीत न गेलेली हिरवी वायर त्याहून वाईट. कारण कूलरच्या पाण्यातल्या पंपाचं इन्सुलेशन गेलं, पाण्यातून पत्र्यात करंट आला, पत्र्यातून हिरव्या वायरीत. तिला जमीन मिळत नाही, म्हणून ती तो करंट घरातल्या प्रत्येक तिसऱ्या पिनेपर्यंत घेऊन जाते. फ्रिजची बॉडी, मिक्सरचा बोर्ड, माझा चार्जर. चार्जरमधून लॅपटॉप, यूएसबीतून मॉडेलर, केबलमधून गिटार, आणि तिथून माझी बोटं. भिंतीपलीकडचा कूलर मला असा भेटायला येत होता.

काकांनी अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला मीटरची एक वायर लावली, दुसरी तिसऱ्या पिनेला. कूलर चालू : १३७ व्होल्ट. पण नुसता मीटर कधीकधी फसवतो, त्याला नावापुरता करंटही पुरतो. म्हणून त्यांनी मधे १५ वॅटचा झिरो बल्ब लावला. (हे घरी करून बघू नका, ते काम त्यांचं आहे.) कूलर बंद, बल्ब बंद. कूलर चालू, बल्ब मंद पेटला.

मंद म्हणजे किती? पूर्ण पेटायला त्या बल्बला साधारण ६५ मिलिअँपिअर लागतात. माणसाला १ मिलिअँपिअरला मुंग्या कळतात, १० च्या पुढे गेलं की पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ५० ते १०० मध्ये हृदयाची लय बिघडू शकते. मी मनातल्या मनात हे आकडे मांडत होते आणि आजी मागून विचारत होती, "बल्ब पेटला म्हणजे चांगलं हाय ना व?"

गिटारवाल्यांच्या जगात हा प्रकार नवा नाही. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्सी इथे स्टेजवरच शॉक लागून गेला. गिटार हातात होती आणि त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला. वय होतं सत्तावीस. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना असाच गेला. गिटार, माइक, कूलर... करंटला वस्तूशी काही देणंघेणं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, घरामागे खड्डा खणायला सुरुवात झाली. जागा न्हाणीच्या पाण्याजवळची निवडली, कारण आमची काळी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि कोरड्या जमिनीतलं अर्थिंग नावालाच असतं. आय.एस. ३०४३ या आपल्या अर्थिंगच्या मानकात पाइप किमान अडीच मीटरचा सांगितला आहे. तेवढा जी.आय. पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. मोठे बाबा आधी म्हणाले, "गिटारसाठी एवढा खड्डा?" मी म्हटलं, "आजीसाठी." मग त्यांनी माझ्या हातातली टिकाव घेतली आणि पुढचा अर्धा खड्डा स्वतः खणला.

मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. हिरवी वायर पहिल्यांदाच जमिनीला भेटली. मग काकांनी कूलरचा प्लग लावून बटण दाबलं. टक्! ईएलसीबी पडला. परत चढवला, परत टक्. घरातले सगळे म्हणाले, "हे तं बिघडलं!" काका हसले. म्हणाले, "बिघडलं नाही, आता कुठं बोलाले लागलं." पंप काढला, तालुक्याहून नवीन आणून लावला, आणि मग कूलर निमूट चालला.

रात्री मॉडेलर लावला. व्हॉल्यूम शून्य केला तर शांत. वाढवला तर एक बारीकसा घूं, पहिला पाहुणा, चुंबकीय. त्याच्यासाठी मात्र मी नॉइज गेट लावलं, अगदी हलकं. कारण आता मला माहीत होतं की दाराआड नक्की कोण आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'अर्थिंग' शिकलो, तेव्हा ती परीक्षेतली दोन मार्कांची आकृती होती. मराठीत त्याला 'भूसंपर्कन' म्हणतात हे नंतर वाचलं, आणि शब्द अवघड असला तरी आवडला. भूमीशी संपर्क!

आजी आता कूलरला पाणी घालताना चप्पल घालत नाही. 'आता मारत नाही ना' म्हणते. मी सांगून ठेवलंय की तरीही आधी बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मग बादली. ती ऐकते, कारण मी इंजिनिअर होणार आहे असा तिचा समज आहे. खड्ड्यात पाणी घालायचं काम मोठ्या बाबांनी घेतलंय, दर शनिवारी एक बादली.

आता हॉस्टेलकरांनो, तुमच्याकडे वळते. बादलीत पाणी तापवायचा रॉड, दोन पिनांच्या अडॅप्टरवर चढवलेली तीन पिनांची इस्त्री, एका एक्स्टेंशन बोर्डवर पाच लॅपटॉप... हे सगळं कोणत्या खोलीत आहे ते मी लिहित नाही, वॉर्डनही हे मासिक वाचतात! पण लॅपटॉपला मुंग्या येतात म्हणून कुणी पायात स्लीपर चढवून टाइप करत असेल, तर ती वायर एकदा इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंट सरांना दाखवा. त्यांच्याकडे मीटर आहे, आणि विचारायला गेलेल्या पोरांना ते परत पाठवत नाहीत. मी गेले होते.