तापलेले तेल

आमच्या घरात तेलाची खरी पारख दोघांनाच. आईला कढईतल्या आणि अण्णांना इंजिनातल्या. आई कढईत पिठाची गोळी टाकी. ती चटकन वर आली की चकली सोडायची. अण्णांची फोक्सवागन १९६७ सालची, गोल पाठीची. ते तेल मोजायची पट्टी बाहेर काढून चिमटीत धरीत. क्षणभर धरवली तर ठीक; चटका बसला तर मुक्काम तिथेच!

मला हा त्यांचा म्हातारचळ वाटे. या गाडीत पाणी नाही. पंख्याचा वारा आणि अवघे अडीच लिटर तेल, एवढ्यावर इंजिन थंड राहायचे, असे ते सांगत आणि मी नुसता मान हलवी.

त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि गाडी माझ्या हाती आली. गेल्या दिवाळीत साताऱ्याला निघण्यापूर्वी मी इंजिन अगदी लखलखीत केले. खंबाटकीचा घाट दिमाखात, वरचा गिअर धरून चढलो. माथ्यावर वेग कमी केला मात्र, तेलाचा दिवा लुकलुकू लागला.

"बंद कर," अण्णा म्हणाले. उतरून त्यांनी इंजिनाच्या कडेने बोट फिरवले. "इथली रबराची पट्टी रे?"

"जुनी झाली होती. टाकून दिली."

"खालची गरम हवा वर येऊ नये म्हणून असते ती. पंखा तीच हवा ओढतोय. आणि चढाला गिअर उतरवायचा. इंजिन मंद फिरले की पंखाही मंद. तेल पातळ झाले, दाब गेला, की धातूवर धातू घासतो."

आम्ही झाडाखाली बसलो. आईने फराळाचा डबा उघडला. "माझ्या कढईत तेल फार तापले तर एक घाणा करपतो. यात काय करपते हो?"

"सगळेच," अण्णा म्हणाले.

तासाभराने मला वाटले, आता ते उठून पट्टी काढतील. ते उठले नाहीत. "तू बघ," एवढेच म्हणाले. मी पट्टी चिमटीत धरली. जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ धरली.

"निघायचे?" त्यांनी मला विचारले. आयुष्यात पहिल्यांदाच!

आता नवे रबर बसवले आहे, तेलाच्या उष्णतेचा काटाही. तो शंभर अंशांच्या अलीकडे असला की मी निर्धास्त असतो. १२० कडे झुकला की थांबतो. तरीही घाट संपला की पट्टी काढून चिमटीत धरतोच. शेजारी अण्णा डोळे मिटून बसलेले असतात. पण माझ्या "निघू या" शिवाय ते दार ओढून घेत नाहीत.