किक मारण्याआधीची टिपणं

बुलेट ३५०, जुनं बिडाचं इंजिन. कोकणातल्या पडवीत वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी अंगणात काढली, की जमलेल्यांतला एक जण हमखास म्हणतो, ‘मार की एक किक, बघू तरी!’ त्याला आधी चहा सांगायला आत पाठवावं.

०

किक का नको? सिलिंडर बिडाचा. दमट हवेत रिंगा बोअरला गंजून धरतात. जोर केला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरवर ओरखडे काढतो. उतारावर ढकलत नेऊन गिअर टाकणं तर त्याहून वाईट.

प्लगभोवतीची धूळ आधी झटकायची, मग प्लग काढायचा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे जपायचे. भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं, दोन-तीन चमचे. मग दोन दिवस गाडीकडे बघायचं नाही. नंतर मेन स्टँड, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने हळूहळू मागेपुढे. चाक फिरतंय पण पिस्टन जागचा हलत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. चाकच हलत नसेल तर आणखी डिझेल, आणखी दोन दिवस. तरीही नाहीच, तर हेड आणि ब्लॉक उतरवावा. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारणारे मिस्त्री आहेत. मी त्यांच्याकडे गाडी देणार नाही.

०

उंदीर एअर फिल्टरमध्ये घर करतो, कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडाशी माती लिंपते. टॉर्च मारून बघणं, इतकंच.

०

ऑइलची गंमत बुलेटवाल्यांनाच कळेल. ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली, पण फ्लायव्हीलच्या खोलीपासून वेगळी. गाडी उभी राहिली की ऑइल पंपातून पाझरत पाझरत फ्लायव्हीलखाली उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते. नवखा माणूस वरून ऑइल ओततो, इंजिन चालू झालं की खालचं ऑइल परत वर येतं आणि ब्रीदरमधून अंगणभर होतं. म्हणून आधी खालचे ड्रेन प्लग उघडून दोन्हीकडचं जुनं ऑइल काढायचं. मग २०डब्ल्यू-५० भरायचं.

याला आणखी एक कारण आहे. या इंजिनात बिग एंडला सुट्टा बुश असतो, तो ऑइलवर जगतो. कोरडा फिरला की खलास. ऑइल पोचतंय का, हे बघायला रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट थोडा सैल करून, प्लग काढलेलाच ठेवून, किक हळूहळू दाबत राहायची. पण रॉकरला ऑइल जातं ते परतीच्या पंपाकडून. खाली जुनं ऑइल साचलेलं असेल तर परतीचा पंप तेच उचलून वर देईल, आणि बिग एंडला ऑइल देणारा पंप मेलेला असला तरी तुम्ही खूश व्हाल. खालची खोली रिकामी करूनच ही परीक्षा घ्यावी. वेळ लागतो, पाय भरून येतात, इलाज नाही.

०

बुलेटच्या उलट्या किकेने नडगी मोडलेली माणसं गावोगाव भेटतात. बरेचदा दोष टायमिंगचा असतो. पॉइंटखालची अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून उघडीच अडकली, तर ठिणगी फार लवकर पडते आणि पिस्टन उलटा फिरतो. वजनं बोटाने उघडून सोडायची. स्प्रिंगने चटकन मिटली पाहिजेत. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. आणि पायात बूट. चपलेवर बुलेटला किक मारणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

०

ठिणगी तपासताना प्लग हेडला टेकवून धरण्याची सगळ्यांची सवय. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असेल तर किकेसरशी त्याचा फवारा भोकातून उडतो, आणि शेजारीच ठिणगी. भोकात चिंधी कोंबावी, प्लग लांब धरावा.

०

टाकीतलं जुनं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारतं. ते टाकूनच द्यायचं. कार्बोरेटरचे जेट पितळेचे असतात, त्यात तार खुपसली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हँडलला पेट्रोलची बाटली टांगून इंजिन चालवणं गॅरेजात सर्रास चालतं. कार्बोरेटरने एकदा उलटी आग फेकली की बाटली, माणूस, पडवी सगळंच धोक्यात. जवळ वाळूची बादली हवी. पाणी नको, त्याने पेट्रोल पसरतं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेलेच नव्हते. नळी, कॉकचे वॉशर नवेच घाला, आणि गाडी पुन्हा महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

०

ब्रेकचे जुने लायनर बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये, तोंडाने तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसावी, फडकं पिशवीत बांधून टाकावं.

०

मद्रासला एन्फिल्ड इंडिया १९५५ साली उभी राहिली. तिथल्या बुलेटचं इंजिन पुढे निम्म्या शतकाहून अधिक काळ मुळात तेच राहिलं. म्हणून पॅकिंग, रिंगा, पॉइंट आजही मिळतात. जुनं पॅकिंग उलटून लावण्याची काटकसर कशासाठी?

०

पहिल्यांदा इंजिन चालू करायचं ते अंगणात, उघड्यावर. बंद शेडमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालू झालं की अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका. जमलेली मंडळी पिळायला सांगतील; ऐकू नका. गरम होईपर्यंत संथ चालू द्या, कान टॅपेटकडे ठेवा. गरम असतानाच बंद करून ऑइल पुन्हा बदला, सुटलेला गंज आणि काजळी त्यातूनच बाहेर येते.

०

हे जळकं ऑइल वाळवीवर म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, उरलेलं माडाच्या मुळाशी किंवा विहिरीशेजारी ओततात. तसं करू नका. कॅनमध्ये भरून, जळकं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.