चार छत्ता, वगैरे

चार छत्ता ही काबूलची छपराखालची पेठ. सतराव्या शतकात शाहजहानचा सुभेदार अली मर्दान खान याने बांधलेली. चार लांब आच्छादित बाजार, मधे मोकळे चौक, चौकांत कारंजी. डिसेंबर १८४१ मध्ये ब्रिटिश वकील मॅकनॉटन काबूलमध्ये मारला गेला आणि त्याचं प्रेत या पेठेत टांगलं गेलं. जानेवारीत काबूल सोडून निघालेली ब्रिटिश फौज वाटेतल्या खिंडींत जवळजवळ संपली. सुमारे साडेचार हजार सैनिक होते, त्यांतले बहुतेक हिंदुस्थानी, आणि बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बाजारबुणगे, बायकामुलं. सप्टेंबरमध्ये जनरल पोलॉक सूड घ्यायला आला. ज्यांच्यावर उगवायचा ते डोंगरात पांगले होते, म्हणून तो बाजारावर उगवला. सुरुंग लावून पेठ उडवली. फौज शहरात शिरली आणि ब्रिटिशांशी बरं वागलेल्या हिंदू सावकारांची दुकानंही लुटली गेली. १२ ऑक्टोबरला सगळे परत निघाले. ज्या अमीर दोस्त महंमदाला गादीवरून उतरवण्यासाठी हा खटाटोप केला, तो पुढच्या वर्षी त्याच गादीवर येऊन बसला.

या युद्धात मुंबईची फौजही होती. मेलेल्यांच्या स्मरणार्थ कुलाब्याला चर्च बांधलं, ते १८५८ मध्ये पुरं झालं. लोक त्याला अफगाण चर्चच म्हणतात. चार छत्त्यातल्या दुकानदारांचा त्यात अर्थातच उल्लेख नाही.

गझनीच्या महमूदाच्या कबरीची दारं. हीसुद्धा १८४२ ची. जनरल नॉटने ती उखडून हिंदुस्थानात आणली, कारण गव्हर्नर जनरल एलेनबरोला वाटलं की ही सोमनाथची. आठशे वर्षांचा अपमान धुऊन काढला असा जाहीरनामाही त्याने हिंदी राजेरजवाड्यांच्या नावे काढला. आग्र्याला पोचल्यावर नीट पाहिलं तर सोमनाथचं म्हणवलं जाणारं चंदन कुठेच नव्हतं, देवदाराचं लाकूड निघालं. वर लेख अरबी, कोरीवकाम गुजरातच्या घडणीचं नाही. परत कोण नेणार? दारं अजून आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत.

इस्तालिफ. काबूलच्या उत्तरेचं कुंभारांचं गाव, निळ्याहिरव्या झिलईच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. १८४२ च्या त्याच मोहिमेत ब्रिटिशांनी जाळलं, १९९९ च्या सुमारास तालिबानांनी जाळलं. दोन्ही वेळा कुंभार परतले. युद्धांत गेलेल्या गोष्टींच्या या यादीत गाव घालावं की नाही, याबद्दल माझं मन अजून ठरत नाही.

हेरातचं मुसल्ला. पंधराव्या शतकात तैमुरी राणी गौहरशाद हिने उभारलेली मशीद आणि मदरसा, पुढे त्याच घराण्यातल्या हुसेन बायकराने त्याला आणखी एक मदरसा जोडला. १८८५ मध्ये रशियन फौज पंजदेहपर्यंत आली. ती हेरातवर चालून आली तर तोफांच्या माऱ्यापासून तिला आडोसा राहू नये, म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने अमीर अब्दुर रहमानने हा सगळा परिसर पाडून सपाट केला. मिनार आणि गौहरशादची कबर तेवढी ठेवली. रशियन आलेच नाहीत. ते त्याच वाटेने आले ९४ वर्षांनी, आणि तेव्हा त्यांच्यासमोर पाडण्यासारखं फार उरलं नव्हतं. काही मिनार भूकंपांत गेले. पाच उभे आहेत, त्यातल्या एकाला तोफगोळ्याची भोकं आहेत.

बामियानचे बुद्ध सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून एकच गोष्ट: १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी परांच्या बांधून त्यांची डागडुजी केली होती. मार्च २००१ मध्ये जे उडवलं, त्यात ती मेहनतही होती.

हिवाळ्यातली वाट. कुची म्हणजे भटके पश्तून. थंडी पडली की ते उंट, मेंढ्या आणि माल घेऊन गोमल खिंडीतून सिंधू नदीच्या मैदानात उतरत. बायकामुलं तळावर राहत, पुरुष रेल्वे धरून थेट कलकत्त्यापर्यंत जात. हिंग, सुका मेवा, कापड विकत, उधारीवर पैसे लावत. १८९३ मध्ये ब्रिटिश अधिकारी ड्युरँडने त्यांच्या कुरणांच्या मधून सरहद्दीची रेघ ओढली. बरीच वर्षं त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. १९६१ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान भांडले, सरहद्द बंद झाली, आणि शेकडो वर्षांची ही जा-ये मोडली. यासाठी युद्ध लागलं नाही. आपल्या डाळीच्या फोडणीतला हिंग तिकडून येतच राहिला, फक्त दुसऱ्यांच्या हातांतून.

कारेझ. हिच्यावर थोडं थांबायला हवं.

डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर खणायची. मग गावाच्या बाजूने जमिनीखालून बोगदा खणत यायचं, इतक्या कमी उताराने की पाणी स्वतःच्या वजनाने चालत यावं, धावू नये. वाटेत ठरावीक अंतरांवर उभी भुयारं, माती काढायला आणि हवा यायला. पंप लागत नाही, वीज लागत नाही. उन्हात पाणी आटत नाही, कारण ते उन्हात येतच नाही. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरने केलेली नहर याच कुळातली. फरक असा की औरंगाबादचा विषय आता इतिहासाच्या तासाला येतो, आणि कंदहार, गझनी, लोगरच्या गावांत काल-परवापर्यंत शेत त्यावर पिकत होतं.

कारेझ एकट्याची नसते. ती खणणारे वेगळे, वर्षातून एकदा आत उतरून गाळ काढणारे वेगळे, आणि कुणाच्या शेताला किती घटका पाणी हे ठरवणारा मीराब वेगळा. त्याला मोबदला धान्यात. गावाची माणसं गेली की कारेझ दोन-तीन वर्षांत बसते. बॉम्ब पडायची गरज नाही. सोव्हिएत फौज डिसेंबर १९७९ ते फेब्रुवारी १९८९ होती, तेवढ्या काळात पन्नास लाखांहून जास्त माणसं पाकिस्तान आणि इराणात गेली. गाळ कोण काढणार?

पण बॉम्बही पडले. मुजाहिदीन भुयारांत लपत, म्हणून भुयारं लक्ष्य झाली. सप्टेंबर १९८२ मध्ये लोगर प्रांतातल्या पदख्वाब-ए-शाना गावात सैन्य आलेलं पाहून लोक कारेझमध्ये उतरले. वरून पेट्रोल ओतून पेटवलं गेलं. १०५ माणसं आत मेली.

नंतरचा भाग त्याहून साधा आहे. २००१ नंतर परदेशी पैसा आला, त्यापाठोपाठ बोअर आल्या, मग सौर पॅनेल स्वस्त झाले. हेलमंद-कंदहारच्या वाळवंटात ज्याच्या-त्याच्या जमिनीत ज्याचा-त्याचा पंप, वर अफूचं पीक असे. पाण्याची पातळी खाली गेली आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच कारेझ कोरड्या पडल्या. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथल्या मीराबाला मात्र आता काही काम नाही.

रानात पडलेली वस्तू उचलून बघण्याची मुलांची सवय. सोव्हिएत विमानांनी टाकलेले पीएफएम-१ सुरुंग हिरव्या प्लास्टिकचे, तळहाताएवढे, दोन पंखांचे होते. हवेत गिरक्या घेत ते खाली येत. माणूस मरावा यापेक्षा त्याचा हात किंवा पाय जावा, एवढंच बळ त्यांत भरलेलं.

काबूलची ट्रॉली बस. चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडा कंपनीच्या गाड्या, फेब्रुवारी १९७९ पासून. त्या वर्षाच्या अखेरीस रणगाडे आले, तरी बस चालत होत्या. १९८९ मध्ये रणगाडे गेले, तेव्हाही चालत होत्या. १९९२ मध्ये मुजाहिदीन गटांनी राजधानी घेतली आणि एकमेकांवर रॉकेटं डागायला सुरुवात केली, तेव्हा थांबल्या. तांब्याच्या तारा लोकांनी भंगारात विकल्या. काही खांब पुढे कित्येक वर्षं उभे होते.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. काबूलचा मोठा भाग परक्यांनी पाडला नाही. तो १९९२ ते १९९६ मध्ये अफगाणांनीच पाडला. शस्त्रं अमेरिका, सौदी अरेबिया, पाकिस्तान आणि सोव्हिएत संघाने दहा वर्षं ओतलेली होती, आणि देणाऱ्यांतल्या दोन्ही महासत्ता निघून गेल्या होत्या. यात दोष कुणाचा किती, याचा हिशेब मांडणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. मला तो जमत नाही.

खराबात. बाला हिसार किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या काबूलमधली गवयांची गल्ली. एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खानने हिंदुस्थानातून गवई-तबलजी नेले, त्यांना इथे घरं दिली. त्यांच्या मुला-नातवंडांनी आपलं ख्याल-ठुमरीचं गाणं तिथल्या फारसी गझलेत मुरवलं. त्यातला सर्वांत मोठा उस्ताद सराहंग. लहानपणी तो भारतात आला, पतियाळा घराण्याच्या आशिक अली खानांकडे वर्षानुवर्षं शिकला, काबूलला जाऊन फारसी कवी बेदिलच्या गझला गायला आणि १९८३ मध्ये वारला. बडे गुलाम अलींची ध्वनिमुद्रणं जिवापाड जपणाऱ्या मराठी रसिकांपैकी किती जणांनी सराहंग ऐकला असेल, मला शंका आहे. ऐकण्यासारखा आहे. तुतीच्या खोडातून कोरलेला रबाबही तिकडचाच. आपलं सरोद त्याच्याच पोटातून आलं, हे सरोदियांच्या पठाणी घराण्यांनी कधी लपवलं नाही. उस्ताद मोहम्मद उमरने १९७४ मध्ये अमेरिकेत सिॲटलला रबाब वाजवला, तेव्हा साथीला तरुण झाकीर हुसेन होते.

१९९२ नंतरच्या लढाईत खराबात कोसळली. गवई पेशावरला गेले, लग्नांत वाजवून जगले. २००१ नंतर काही परतले, गल्ल्यांत पुन्हा पाट्या लागल्या. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये काबूलला संगीत विद्यालय काढलं, मुलींचा वाद्यवृंद उभा राहिला. ऑगस्ट २०२१ नंतर विद्यालय पोर्तुगालला हललं. २०२३ मध्ये हेरातला तालिबानांनी वाद्यं आणून त्यांच्या ढिगाला आग लावली. त्यात गिटार, तबला, हार्मोनियम होते, ॲम्प्लिफायरही होता.

काबूलचे ज्यू. शेवटी दोघेच उरले होते, एकाच प्रार्थनास्थळात राहत आणि एकमेकांचं तोंड बघत नसत. पहिल्या तालिबान राजवटीकडे दोघांनीही एकमेकांविरुद्ध तक्रारी केल्या, दोघेही तुरुंगात गेले; त्या भांडणात त्यांचा तोराह ग्रंथ तालिबानांनी जप्त केला तो गेलाच. एक २००५ मध्ये वारला. दुसऱ्याने सप्टेंबर २०२१ मध्ये देश सोडला.

शीख आणि हिंदूही. मार्च २०२० मध्ये शोर बाजारच्या गुरुद्वारावर हल्ला झाला, २५ माणसं मेली. उरलेले बहुतेक दिल्लीत आहेत. आसमाई देवीचं नाव काबूलच्या एका डोंगराला अजून आहे.

किशमिशखाना. मातीच्या जाड भिंतींचा उंच वाडा, भिंतींत उभ्या फटींच्या रांगा. आत टांगलेले द्राक्षांचे घड वाऱ्यावर वाळतात, ऊन लागत नाही म्हणून हिरवे राहतात. कंदहारच्या अर्घंदाब आणि झारी भागात असे शेकडो होते. त्या फटींतून बंदूकही छान चालवता येते, हा त्यांचा अपराध. २०१० मध्ये अमेरिकन फौजेने या भागात किशमिशखाने, कुंपणाच्या भिंती, घरं पाडत रस्ते काढले. अर्घंदाबमधलं तारोक कोलाचे हे अख्खं गाव त्या ऑक्टोबरात वीस टनांहून जास्त बॉम्ब टाकून जमीनदोस्त केलं, कारण तालिबानांनी त्यात जागोजागी स्फोटकं पेरली होती. नंतर फौजेने गाव नव्याने बांधायला घेतलं. डाळिंबाच्या झाडांची भरपाईही दिली. झाडाला फळ धरायला किती वर्षं लागतात, हे नाशिक-सोलापूरचा शेतकरी सांगेल.

कंगीना. ओल्या माती-भुशाच्या दोन वाट्या करायच्या, त्यात ताजी द्राक्षं ठेवायची, वाट्या जोडून कडा लिंपून टाकायच्या. पानगळीत बंद केलेली द्राक्षं नवरोजला, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात, फोडून खायची. हे अजून चालतं. शीतगृहं आली आणि तरुण मुलं इराणात मजुरीला गेली म्हणून कमी होत चाललंय. युद्धाशी याचा थेट संबंध नाही, असं म्हणता येईल.

पाण्याचे कॅन. २९ ऑगस्ट २०२१, काबूल. गाडीत कॅन भरताना अमेरिकन ड्रोनने पाहिले, स्फोटकं समजून गाडी उडवली. दहा माणसं मेली, त्यांत सात मुलं. अमेरिकेने सप्टेंबरात चूक कबूल केली. शिक्षा कुणाला झाली नाही.

‘साम्राज्यांची दफनभूमी’ ही उपमाही जावी, असं मला वाटतं. पत्रकारांना ती फार आवडते. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांचे मिळून जेवढे सैनिक मेले, ते त्यांच्या देशांत नावानिशी लिहिलेले आहेत. सोव्हिएत संघाचे पंधरा हजारांच्या आसपास, अमेरिकेचे दोन हजार चारशेहून जास्त. सोव्हिएत काळात मेलेले अफगाण दहा लाखांच्या घरात होते, असा अंदाज सांगतात. अंदाज. दफनभूमी कुणाची, हे एवढ्यावरून दिसतं.

बुश बाजार. काबूलमधली ही बाजारपेठ, अमेरिकन तळांवरून बाहेर आलेले बूट, जाकिटं, डबाबंद जेवण, शक्तिवर्धक पेयं विकायची. त्याआधी तिचं नाव ब्रेझनेव्ह बाजार होतं. जुलै २०२१ च्या सुरुवातीला एका रात्री अमेरिकन बगरामच्या तळावरून दिवे बंद करून गेले. जे नेता येत नव्हतं, त्यातलं बरंचसं आधीच तोडून-चेचून भंगारवाल्यांना विकलं होतं. मोडलेले जनरेटर, चिरलेले तंबू, रणगाड्यांचे पट्टे. भंगारवाले चिडले होते: धड वस्तू दिली असती तर चार पैसे सुटले असते.

युद्धाचे गालिचे. १९७९ नंतर हेरातकडच्या बलुच विणकर बायकांनी फुलांच्या जागी हेलिकॉप्टर, किनारीला रणगाडे, मधे कलाश्निकोव्ह विणायला सुरुवात केली. निर्वासितांच्या छावण्यांतही ते विणले गेले. २००१ नंतर न्यूयॉर्कचे मनोरे आले, मग ड्रोन आले. हे निषेधातून निघालं की गिऱ्हाईक काय घेतं ते पाहून, यावर अभ्यासकांत वाद आहेत. विणणाऱ्या बाईला दोन्ही एकाच वेळी का वाटू नये, ते मला कळत नाही. काबूलच्या चिकन स्ट्रीटवर ते विकले जात. घेणारे मुख्यतः परदेशी सैनिक, कंत्राटदार आणि मदतसंस्थांचे लोक. २०२१ नंतर ते गिऱ्हाईक राहिलं नाही. दुकानदार आता फुलांचे गालिचे पुढे मांडतात, तेही फारसे खपत नाहीत.