कोर्टाचं पाणी

बैलानं नाल्यात तोंड घातलं, एक घोट घेतला आणि मान झटकून मागं सरला. उन्हाळ्यातली दुपार, तहानलेलं जनावर पाण्यापासून परत फिरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाणी काळ्या चहासारखं, काठच्या गवताला फेस चिकटलेला. आमच्या लोहाऱ्यात वस्तीच्या नाल्या आहेत, एमआयडीसी आहे. पाणी कुठून आलं ते डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून कोणाचं नाव घेत नाही.

बिसलेरीची रिकामी बाटली नाल्यात बुडवून भरली, झाकणावर तारीख लिहिली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं अमरावतीला निघालो. बाबा म्हणाले, "बैल पेत नाही म्हंजे पानी बेकारच हाय. तपासाले कायले पायजे?"

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातल्या साहेबांनी बाटली उजेडात धरली, झाकण काढून हुंगली आणि परत माझ्यापुढं ठेवली. "खराबच दिसतंय. पण कोर्टात हे चालायचं नाही." मग १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ समजावलं. नमुना मंडळाच्याच माणसानं घ्यायचा. ज्याच्या आवारातून सांडपाणी निघतं त्याला तिथल्या तिथं नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. तेव्हाच तो पुरावा. नाहीतर उद्या कोणीही घाण पाणी भरून कोणाच्याही नावावर खपवेल. मला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त चिडचिड झाली. महाराष्ट्रानं तर केंद्राच्याही आधी, १९६९ सालीच असा कायदा केला होता, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पाहणीचा दिवस ठरला. आदल्या रात्री अवकाळी पाऊस असा कोसळला, की सकाळी नाला शेतांची माती घेऊन दुथडी वाहत होता. ना फेस, ना वास. आलेल्या माणसानं तरीही बाटली भरली. मी छत्री धरून उभा.

निघताना त्यानं एका कागदावर 'कलम ४९' लिहून दिलं. ६० दिवसांची नोटीस दिली की साधा माणूसही स्वतः कोर्टात जाऊ शकतो, मंडळाकडचे अहवाल मागू शकतो. ६० दिवस! मी बोटांवर मोजलं. तोवर पेरणी होऊन डवरणीही सुरू झालेली असणार.

माझी बाटली अजून खिडकीत आहे. काळा गाळ तळाशी बसलाय, वरचं पाणी निवळलंय. घरी कोणी आलं की बाबा आधीच बजावतात, "हात नोको लावू. कोर्टाचं पानी हाय."