स्लीव्ह की बायपास? दोन जावांची दोन ऑपरेशनं

वजनाच्या ऑपरेशनबद्दल हल्ली चांदूर बाजारातही विचारणा होते. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा रुग्णांच्या तोंडून मला हा विषय पहिल्यांदा ऐकू आला. तेव्हाचा प्रश्न असायचा, "असं खरंच करता येते का?" आताचा प्रश्न वेगळा आहे: "डॉक्टरसाहेब, स्लीव्ह चांगलं की बायपास?"

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं. पण त्याआधीची अनेक वर्षं आणि त्यानंतरची सगळी वर्षं रुग्ण माझ्याकडे येत असतो. म्हणून या प्रश्नाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. किती किलो उतरतील, एवढ्यावर ऑपरेशन निवडू नये. ज्या शरीरात आणि ज्या गावात ते पुढची तीस वर्षं सांभाळायचं आहे, ते पाहून निवडावं. हे समजावं म्हणून एकाच घरातल्या दोन जावांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुळात ऑपरेशन कोणासाठी?

वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. आला तो बीएमआय. भारतात साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मधुमेह आटोक्यात येत नसेल तर याहून कमी बीएमआयलाही तज्ज्ञ विचार करतात.

आपले आकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी का, याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्या लोकांत कमी वजनातही चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो.

एक व्यवहाराची गोष्टही लक्षात ठेवा. विमा कंपन्यांचा निकष वेगळा आहे. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, असं असेल तरच साधारणपणे खर्च मिळतो. त्यामुळे डॉक्टरांनी "ऑपरेशन करता येईल" म्हटलं म्हणजे विमा मिळेलच असं धरू नका. आधी पॉलिसी वाचा.

दोन ऑपरेशनं, दोन तऱ्हा

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळासारखी अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. जेवण थोडक्यात होतं, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग गेल्यामुळे भूकही मंदावते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी वेगळी करतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. शहराबाहेरून वळवलेल्या रस्त्यासारखंच. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचल्यामुळे तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात आणि साखरेवर चांगला परिणाम होतो. सध्या वजनासाठी जी नवीन इंजेक्शनं निघाली आहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात.

आमच्याकडे बहुतेकांना स्लीव्ह "लहान" आणि बायपास "मोठं" वाटतं. तांत्रिकदृष्ट्या बायपास अधिक गुंतागुंतीचं आहे, हे खरं. पण स्लीव्हमध्ये काढलेलं जठर कधीच परत मिळत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

धाकटीला जे चाललं, ते थोरलीला का नको?

धाकटी जाऊ ३१ वर्षांची. बीएमआय ३९. मधुमेह नाही, ॲसिडिटी नाही, पाळी अनियमित. तिचं स्लीव्ह झालं आणि दीड वर्षात जवळपास तीस किलो वजन उतरलं. घरात, भावकीत तिचंच नाव.

थोरली ४६ वर्षांची. वजन १०४ किलो, बीएमआय ४४ च्या आसपास. नऊ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू. गुडघे इतके दुखायचे की पायऱ्या चढताना भिंत धरायची. ती आली ती ठरवूनच: "मले तिच्यासारखंच करून पायजे. तिले काई त्रास झाला नाई, मंग मले काहून दुसरं? आतडं कापाचं म्हणजे काई खरं नाई."

मी तिला एकच विचारलं, "ताई, रात्री झोपताना उश्या किती लागतात?" दोन. सपाट झोपलं की घशाशी आंबट येतं, खोकला येतो, हे आठ वर्षांपासून. तिने ते कधी आजारात धरलंच नव्हतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा आणि हायटस हर्निया दिसला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला.

इथे निवड बदलते. स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, खालचं दार मात्र तसंच असतं. आतला दाब वाढतो आणि आम्लाला वर यायला वाट मिळते. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वजन उतरण्यात दोन्ही ऑपरेशनांत फार मोठा फरक नव्हता. पण ज्यांना आधीपासून आम्ल वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर जवळपास ३२ टक्के लोकांचा त्रास वाढला, बायपासनंतर सुमारे ६ टक्के लोकांचा.

दुसरा मुद्दा मधुमेहाचा. अमेरिकेतल्या 'स्टॅम्पीड' अभ्यासात १५० रुग्ण होते. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ आणि बायपासच्या गटात २९ टक्के होते. दोन ऑपरेशनांतला फरक छोटा आहे. आणि "साखर कायमची जाते" हे सरसकट खरं नाही, हेही याच आकड्यांत दिसतं. मधुमेह जितका जुना, तितकी ती शक्यता कमी.

मग थोरलीसाठी बायपास, एवढं सोपं होतं का? नव्हतं. गुडघ्यांसाठी ती मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी जवळजवळ रोज घ्यायची, आणि तंबाखू खायची. बायपासनंतर या दोन्ही गोष्टींनी जोडाच्या जागी अल्सर होतो, तो फुटूही शकतो. ज्या गुडघ्यांसाठी तिला वजन कमी करायचं होतं, त्याच गुडघ्यांची गोळी तिला कायमची सोडावी लागणार होती. पुरुष रुग्णांत हीच अडचण खर्ऱ्याची असते.

आम्ही तीन महिने थांबलो. तंबाखू सुटली. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. सर्जनशी फोनवर आणि पत्राने बोलणं झालं. शेवटचा निर्णय तिने आणि सर्जनने घेतला: बायपास.

चौदा महिन्यांनी तिचं वजन ७१ किलो होतं. इन्सुलिन बंद, एक गोळी चालू. एकच उशी. पण त्याच तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बरं वाटतंय म्हणून तिने लोहाच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या चार महिन्यांपासून बंद केल्या होत्या. "आता कायची गोळी बाप्पा, आजार तं गेला," असं तिचं म्हणणं. लोहाची सलाईन द्यावी लागली.

आणि मिनी बायपास?

यात जठराची लांब पिशवी करून आतड्याला एकच जोड देतात. वेळ कमी लागतो, वजन आणि साखर दोन्ही छान उतरतात. पण आतड्याचा बराच भाग वगळला जातो, म्हणून पोषणाची कमतरता जास्त होऊ शकते. फ्रान्समधल्या २०१९ च्या 'योमेगा' अभ्यासात, २०० सेंटिमीटर आतडं वगळलेल्या या ऑपरेशनानंतर वजन बायपासइतकंच उतरलं, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी जास्त आढळल्या. पित्तही वर येऊ शकतं. जो माणूस पूर्ण शाकाहारी आहे, ज्याचं बी-१२ आधीच कमी आहे आणि जो तपासणीला वर्षातून एकदाही येणार नाही, त्याच्यासाठी मला हा पर्याय काळजीचा वाटतो.

ऑपरेशननंतरचं गावातलं आयुष्य

बायपास झालेल्याने पुरणपोळी किंवा गुळाचा चहा पोटभर घेतला तर धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांना गोड पातळ पदार्थ सहज पचतात, आणि तोच धोका आहे. आपला संत्र्याचा पट्टा, हंगामात घरोघरी रस. एका ग्लासात चार-पाच संत्र्यांची साखर जाते आणि पोट भरल्यासारखं वाटतच नाही. संत्रं खा, रस नको. ताटात आधी डाळ, दही, अंडी, पनीर किंवा झुणका, भाकर नंतर.

दोन गोष्टी घरच्यांनीही लक्षात ठेवाव्यात. ऑपरेशन झालेल्याला वारंवार उलट्या होत असतील तर नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका. अशा वेळी बी-१ व्हिटॅमिन संपलेलं असू शकतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दुसरं, बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात जोराची कळ आली तर आतडं अडकलेलं असू शकतं. ते सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, सीटी स्कॅन लागतो. "गॅस झाला" म्हणून रात्र काढू नका. ऑपरेशनचं नाव लिहिलेला कागद पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांना आधी तो दाखवा.

मूल हवं असलेल्या स्त्रियांनी कोणत्याही ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. धाकटीला हे आधीच सांगितलं होतं, आणि तिने ते पाळलं.

सर्जनला भेटायला जाल तेव्हा हे प्रश्न लिहून न्या:

१. माझी एंडोस्कोपी झाली का? त्यात काय दिसलं?
२. माझ्या साखरेसाठी कोणतं ऑपरेशन बरं, आणि का?
३. मी कोणत्या गोळ्या, कोणती व्यसनं कायमची सोडायची?
४. आयुष्यभर कोणत्या गोळ्या घ्यायच्या आणि महिन्याला खर्च किती?
५. रक्ताच्या तपासण्या कधी कधी, आणि त्या अमरावतीत होतील का?
६. रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

"सगळ्यांना आम्ही हेच करतो" असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या. घाई करायचं कारण नसतं. थोरलीचे ते तीन महिने वाया गेले नाहीत.