एकाच मंदिराचे दोन मनोरे

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील एका लहानशा बाजारगावी जाण्याचा योग आम्हांस आला. पाटीवरील अक्षरे लावीत आम्ही ‘वायमंडहॅम’ म्हणालो, तेव्हा बसवाला हसला. तेथे त्यास ‘विंडम’ म्हणतात!

शुक्रवार असल्यामुळे बाजार भरला होता. जॉन राजाने १२०४ साली दिलेल्या सनदेपासूनची ही परंपरा. चौकात लाकडी खांबांवर अष्टकोनी घर उभे आहे. १६१५ च्या आगीत गाव जळाल्यावर १६१७-१८ मध्ये ते नव्याने बांधले.

परंतु आमची दृष्टी खिळली ती ख्रिस्तमंदिराच्या दोन मनोऱ्यांवर. आम्हांस ते वैभव वाटले. निघाले ते भांडण. येथील मठ ११०७ साली स्थापन झाला. मंदिर एक आणि धनी दोन, मठवासी व गावकरी. मग तंटे व्हावयाचेच. १२४९ साली पोप चौथे इनोसंट यांनी वाटणी करून दिली, तरी मने जुळली नाहीत. १४०० च्या सुमारास मठवाशांनी मध्यभागी आपला मनोरा चढविला आणि मंदिरात आडवी भिंत घातली. गावकऱ्यांनी १४४८ मध्ये पश्चिमेस त्याहून दांडगा मनोरा आरंभिला. तो अपुराच राहिला.

आमच्या गावी पुढच्या बाकांवरून दोन घराण्यांत तीन वर्षे अबोला होता, तो आठवला. त्यांतले एक घराणे आमचेच, हे येथे सांगितलेले बरे.

आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, मठ संपला. मठवाशांचा भाग पडला; गावकऱ्यांचा भाग आज अँग्लिकन मंदिर आहे. १५४९ साली गायरानांच्या कुंपणांविरुद्ध येथील रॉबर्ट केट याने बंड केले. ते मोडल्यावर त्याचा भाऊ विल्यम यास गावकऱ्यांच्याच मनोऱ्यावरून फाशी दिले. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली सोनेरी वेदीभिंत त्या जुन्या भांडणाच्या भिंतीलाच टेकलेली आहे. तिच्यापुढे आम्ही बराच वेळ बसलो.

गावात आपले कॅथॉलिक मंदिरही आहे. जपान्यांच्या कैदेतून परतलेले फादर माल्कम काउइन यांनी सोबत्यांच्या स्मरणार्थ १९५२ साली ते उभारले. मृतांची नावे तेथे वह्यांतून जपली आहेत.

परतताना दोन मनोऱ्यांचे एक चित्रपत्र घेतले आणि त्या दुसऱ्या घराण्यातील वडीलधाऱ्यांचा पत्ता त्यावर लिहिला. मजकूर चार ओळींपुढे सरकेना. तेवढाच टपालात टाकला.