वाशीचा दलाल आणि फोनमधला दलाल

चि. समीर,



वाशीला पेटी पाठवणं बंद करून यंदाचा सगळा हापूस व्हॉट्सअ‍ॅपवरूनच विकायचा, कारण इंटरनेटनं मधला दलाल संपवला, असं तू लिहिलं आहेस. थेट विक्रीचा निर्णय मला पटतो, त्यामागचं कारण पटत नाही. देवगडहून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा खर्च इंटरनेटनं जवळजवळ शून्यावर आणला, हे खरं. पण मधली जागा रिकामी झालेली नाही. तिथे आता कोण बसलं आहे आणि ते कोणत्या नियमानं बसलं आहे, हे बघायला हवं.

इंटरनेट वाढलं ते खुल्या नियमांवर. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या संगणकांनी टीसीपी/आयपी ही सामाईक नियमावली स्वीकारली आणि कुणाचंही जाळं कुणाच्याही जाळ्याला जोडता येऊ लागलं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये घडवलेलं वेब त्या संस्थेनं ३० एप्रिल १९९३ ला सर्वांना विनामूल्य खुलं केलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमानं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, तेव्हा ही मोकळीक त्याच्याबरोबरच आली. ईमेल बघ. तुझं खातं एका कंपनीचं आणि गिऱ्हाइकाचं दुसरीचं असलं तरी पत्र पोचतं. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचंही तसंच आहे. तुझं अ‍ॅप आणि तुझी बँक कोणती, याची पैसे देणाऱ्याला फिकीर नसते.

आजवर व्हॉट्सअ‍ॅप असं नव्हतं. तिथे दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं अ‍ॅप लागत आलं आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला त्या कंपनीच्या अंतर्गत जाळ्याच्या देखभालीत चूक झाली आणि व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. बाकीचं इंटरनेट त्या वेळी चालू होतं. याउलट मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर विसंबलेलं फोनपे थांबलं, तरी इतर बँकांच्या आधारावरची यूपीआय अ‍ॅपं चालत राहिली आणि फोनपेही लवकरच दुसऱ्या बँकेच्या आधारानं पुन्हा उभं राहिलं. बिघाड दोन्हीकडे झाला. एकीकडे पर्याय होता, दुसरीकडे नव्हता. पिकायला आलेला आंबा घरात असताना हा फरक केवढा, ते तुला मी सांगायला नको.

यावर तू म्हणशील, गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच दुकान मांडायला हवं. अगदी बरोबर, आणि व्हॉट्सअ‍ॅप सोड असं मी म्हणतच नाही. उलट त्यात एक मोठी सोय आहे. तिथला पत्ता म्हणजे फोन नंबर, आणि २०११ पासून तर मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. अ‍ॅप बंद पडलं तरी फोन करता येतो. इन्स्टाग्रामवरच्या अनुयायांचं तसं नाही. ती ओळख त्या कंपनीच्या हाती असते, आणि तुझी जाहिरात किती जणांना दिसावी हेही तीच ठरवते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यूपीआय खुलं असूनही त्यातले बहुतेक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांमधूनच होतात. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, ही मर्यादा २०२० मध्ये जाहीर झाली, पण तिची मुदत पुढे पुढे ढकलली गेली. म्हणजे खुल्या नियमांनी मक्तेदारी आपोआप टळत नाही, हे मान्यच करायला हवं. तरीही त्यातलं एखादं अ‍ॅप उद्या डोईजड झालं, तर तू दुसरं घेशील आणि खातं तेच राहील. वाट शिल्लक असणं हीच तर व्यापारातली ताकद.

वाशीच्या दलालावर मात्र तू जरा अन्याय करतोस. आडत घेतो म्हणून तो नुसता बसून खातो असं नाही. हंगामाआधी उचल तो देतो आणि एकदम आलेला माल खपवतोही तोच. फवारणीच्या दिवसांत कोणतंही अ‍ॅप बागायतदाराच्या हातावर तशी रक्कम ठेवत नाही. म्हणून काही पेट्या वाशीला जाऊ देत आणि त्यांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या जपून ठेव. थेट गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते आणि कुणी किती डझन घेतले, हे सगळं फोनबाहेर एका वहीत उतरवून काढ. मोहोर येण्याआधी हे काम उरकलं तर बरं.

तुझा,
काका